उलट्या भांगाचा हिरो

देशमुखांच्या बैठकीत मी डाव्या हातानं सलाम ठोकला. चूक एवढीच.

सगळी बैठक हसली. मीही हसलो. मला वाटलं, आवडलं.

अजून त्या हसण्याची लाज वाटते. माराची वाटत नाही. मार काय, आमच्या जातीला पावसासारखा. आला की अंगावर घ्यायचा. पण लोक आपल्याला हसत होते आणि आपण त्यांच्यात मिसळून आपल्यालाच हसत होतो, याला काय म्हणावं? मी त्याला तेव्हा अभिनय म्हणत होतो.

आम्ही मांग. गाव कुरुंद्याकडचं. माय शिंदीच्या केरसुण्या बांधायची, मी हलगी वाजवायचो. गावातलं एक लग्न आमच्या हलगीवाचून लागत नसे आणि आमच्यातल्या एकाचं पाऊल मांडवात पडत नसे. निजामाचं राज्य होतं. पण आमचा निजाम गावातच राहायचा, त्याला बघायला हैदराबादला जावं लागत नव्हतं.

सुगी सरली की वऱ्हाडातून एक सेठ सिनेमाचा तंबू घेऊन यायचा. दिवसा बैलगाडीवर पाट्या लावून दवंडी. दवंडीला हलगी लागते, हलगीला मांग लागतो. त्या बदल्यात सेठ आम्हाला खेळ फुकट दाखवायचा. मागून. म्हणजे तंबूच्या मधोमध पांढरा पडदा; त्याच्या पुढं गाव, मागं आम्ही. आमच्यासाठी मागची कनात उचललेली असायची. पडद्यावर पाणी मारलं की चित्र आरपार उजळायचं. मागून अक्षरं उलटी दिसतात म्हणे. आम्हाला सुलटी तरी कुठं वाचता येत होती!

त्या पडद्यावर तो आला. नाव घेत नाही. फार मोठा नट. त्या काळी त्याच्या नावावर तंबू फाटेस्तोवर गर्दी व्हायची. गरिबाच्या पोराचं काम करायचा आणि शेवटी हवेलीच्या पायऱ्या चढून जायचा. कुणी त्याला अडवत नसे. टोपीच्या काठाला दोन बोटं लावून असा सलाम करायचा की मालकच खाली बघायचा. मी येडा झालो. सेठ जाईल त्या गावी हलगी घेऊन जायचो आणि तोच खेळ पुन्हा पुन्हा बघायचो. त्याचं चालणं उचललं, मान उचलली, विडी पेटवणं, सलाम, भांग, सगळं उचललं. केरसुण्या बांधता बांधता माय बघायची आणि म्हणायची, "ह्याला कुनी नजर लावली?"

सेठनं एकदा मला तंबूमागं ती चाल करताना पाहिलं. बघत राहिला. दुसऱ्या दिवशी त्यानं जुन्या बाजारातून एक कोट आणला, एक बाही तोकडी. एक टोपी आणली. मला दवंडीच्या गाडीवर उभं केलं आणि म्हणाला, "जात पुसली तं सांगजो, नट हाय."

गाडीपुढं हलगी आता माझा चुलतभाऊ वाजवायचा. सेठनं बजावलं होतं, त्याच्याशी ओळख दाखवायची नाही. मी दाखवली नाही. तो खाली धुळीत, मी वर कोटात. तोकडी बाही दिसू नये म्हणून दोन्ही बाह्या दुमडल्या, तर महिन्याभरात हिंगोलीची पोरं बाह्या दुमडून फिरायला लागली. मोंढ्यातून, धान्याच्या बाजारातून गाडी निघाली की हमाल पोती टाकून बघायचे. नरसीच्या रस्त्यावरच्या दुकानदारानं मला फुकट चहा पाजला, कपात. न्हाव्याच्या दुकानात पोरं सांगायची, भांग त्या गाडीवरल्या हिरोसारखा पाड. जो न्हावी आमच्या केसांना हात लावत नव्हता, तो माझा भांग गावभर वाटत होता. मला हे फार गमतीचं वाटायचं. मी पडद्यावर कधी गेलो नाही, पण हिंगोलीत त्या नटापेक्षा मी जास्त चालत होतो. तो कधी आला नव्हता ना.

मग हिंगोलीच्या देशमुखांचं बोलावणं आलं. त्यांचा धाकटा मुलगा पुण्याला शिकायचा. तिथल्या एका फिल्म कंपनीत त्याचं उठणं-बसणं होतं. सेठ म्हणाला, धाकट्या मालकांना पसंत पडलास तर ते तुला कंपनीत चिकटवतील. मी खरंच नट होईन. पडद्यावर दिसेन. आणि पडद्यावर दिसलो की दोन्ही बाजूंनी दिसेन, हे तेव्हा माझ्या डोक्यात होतं. गावाला पण, मांगवाड्याला पण.

गादीवर बसवलं. कपबशीत चहा दिला. कचेरीतले दोन साहेब, गावातले चार पुढारी, मध्ये देशमुख, बाजूला धाकटा मालक. मी उभा राहिलो, टोपीला दोन बोटं लावली. डावी.

हसले. मी हसलो.

धाकटा मालक पुढं सरकला. गोड बोलायचा. म्हणाला, विडी पेटवून दाखव. मी डाव्या हातानं काडी ओढली. टोपी काढ म्हणाला. काढली. भांग बघितला, मान हलवली. हवेलीच्या पायऱ्या चढून दाखव म्हणाला. मी बैठकीच्या पायऱ्या उतरलो आणि चढलो, डावा पाय पुढं टाकत. दर खेपेला तो हसत मान हलवायचा. मला वाटलं, परीक्षा पास होऊन राहिलो. उरलंसुरलं मी न सांगता करून दाखवलं.

गाडीवर उभ्या माणसाचा डावा-उजवा कोण बघतं? पण हा चार हातांवर बसला होता आणि तो खेळ त्यानं पुण्यात कैकदा पाहिला होता. तो सेठकडं वळला आणि हळू आवाजात बोलला.

"तो नट सगळं उजव्यानं करतो. भांग डावीकडं पाडतो. ह्याचं सगळंच उलटं. सेठ, तुमच्या तंबूत पडद्यामागं कोन बसतं?"

सेठ पायाकडं बघायला लागला.

कोणी ओरडलं नाही. ओरडले असते तर बरं झालं असतं. गड्यानं माझी कपबशी चिमट्यात धरून नेली आणि ती उकिरड्यावर फुटल्याचा आवाज बैठकीत ऐकू आला. दुसऱ्यानं गादी काठीनं ओढत अंगणात टाकली. सगळ्यांवर गोमूत्र शिंपडलं. कचेरीतल्या साहेबांवरही. ते साहेब माझ्याकडं असे बघत होते, जसं मीच त्यांना भिजवलं.

गडी माझ्यावर धावले, तर देशमुखांनी हात वर केला. मला वाटलं, वाचलो. गाढव शेवटपर्यंत गाढव.

"मारू नका," देशमुख म्हणाले. "नटाला कोनी मारतं का? ज्या बाजूनं शिकला, त्याच बाजूनं जाऊ द्या. उलटा. तंबूपर्यंत."

बाहेर गाडीपाशी चुलतभाऊ उभा होता. त्याच्या गळ्यातली हलगी काढून माझ्या गळ्यात घातली. स्वतःची दवंडी स्वतः दे म्हणाले. कोट अंगावर तसाच ठेवला, टोपीही. गडी काठ्या घेऊन दोन्ही बाजूंना. मी उलट्या पावलांनी चालायला लागलो. हलगी वाजवत.

भर बाजारचा दिवस. काल ज्यांनी फुलं टाकली, तेच लोक. दुमडलेल्या बाह्यांची पोरं पुढं पुढं नाचत होती. कोणी खडा मारला की गडी म्हणायचा, चेहऱ्यावर नको, हिरो आहे.

उलटं चालणाऱ्याला एक तकलीफ असते. पुढचं माणूस दिसत नाही. ते मागं पडलं की मग त्याचं तोंड दिसतं. माय मला तशी दिसली. केरसुण्या विकायला हिंगोलीला आली होती. मी तिच्यापासून हातभर अंतरावरून गेलो आणि मला पत्ता नव्हता. दिसली तेव्हा ती खाली मान घालून केरसुणीला गाठ मारत होती. एकच गाठ, पुन्हा पुन्हा. तिनं वर पाहिलं नाही. त्या तिथं माझ्या पोटातलं हसू मेलं.

आणि पाय अडकला. हळदीच्या ढिगात पाठीवर पडलो. अख्खा पिवळा. सगळा मोंढा एका घशानं हसला. कोणीतरी म्हणालं, "नवरदेव झाला रे मांगाचा हिरो!" व्यापाऱ्यानं तराजूच्या दांडीनं हाणलं, माल इटाळला म्हणून. फेकला मात्र नाही. वरून पाणी शिंपडलं आणि माझ्या डोळ्यांदेखत पोत्यात भरला. ती हळद पुढं कोणाच्या देवाला लागली, देवाला ठाऊक.

त्या दिवशी न्हाव्यांना फुरसत नव्हती म्हणे. बापांनी पोरांना मानेला धरून आणलं आणि मुंडण करवलं. माझा भांग अख्ख्या हिंगोलीच्या डोक्यावरून खरवडून काढला.

तंबूपाशी सेठ माझ्याआधी पोचला होता. वाटलं, पाणी देईल. सेठच्या डोळ्यांत चमक होती. मला बाजूला घेऊन म्हणाला, लोक बेहद्द खूश झाले. उद्या पुन्हा असंच चालायचं. कुरुंद्याला, वसमतला, सगळीकडं. हळद मी पुरवीन. "तो हिरो तं सगळ्या गावात आहे. उलटा हिरो फक्त माह्याकडं."

खोटं कशाला बोलू, क्षणभर मी कोटाकडं पाहिलं. कोट राहणार होता.

मग मायची ती गाठ डोळ्यांपुढं आली. मी कोट काढला, टोपी काढली, सेठच्या पायाशी ठेवली. हलगी चुलतभावाच्या हातात दिली. म्हणालो, "मी वाजवनार न्हाई. चालनार बी न्हाई."

दिवेलागणीचा खेळ सुरू होत होता. मागची कनात उचललेली होती. मी तिकडं गेलो नाही. पुढच्या दारानं आत शिरलो आणि पहिल्या ओळीत, मातीत, मांडी घालून बसलो. हळदीनं पिवळाजर्द माणूस अंधारात लपणार कसा? पण मशीन सुरू झालं होतं आणि सगळ्यांचे डोळे पडद्यावर होते.

तो आला. उजव्या हातानं सलाम केला. भांग डावीकडं. माझ्या ओळखीचा माणूसच नव्हता तो. इतकी वर्षं मी ज्याला पाठ केलं, तो जगात कुठंच नव्हता. त्यांनी आम्हाला पडद्याच्या पाठीशी बसवलं आणि आमचा हिरोसुद्धा उलटा करून दिला.

मग कोणीतरी पिवळं ओळखलं. मशीन थांबलं, कंदील आले. मला उठ म्हणाले. मी शेजारचा बांबू मिठीत घेतला. हातावर मारलं, बोटांवर मारलं. बांबू सोडला नाही. बांबूसकट मला उपटलं तेव्हा अर्धा तंबू खाली आला. खेळ बंद पडला. हिंगोलीत त्या दिवशी त्या नटाचा खेळ मी बंद पाडला. माझ्या नटपणाची एवढीच कमाई.

सेठला दुसऱ्या दिवशी हलगीवाला मिळाला नाही. चुलतभाऊ गेला नाही. मांगवाड्यातला कोणीच गेला नाही. डबडं वाजवत दवंडी दिली त्यानं. पुढं निजाम गेला, झेंडा बदलला, तंबू पुन्हा आला, पडदा तिथंच मधोमध. आमची हलगी त्याच्यापुढं वाजली नाही. मागची कनात उचललेली असायची आणि आत कुत्री बसायची.

पण हे नंतरचं. दुसऱ्या दिवशी सकाळी माय मला कयाधू नदीवर घेऊन गेली. नारळाच्या शेंडीनं पाठ घासत होती. हळद नखांतून निघत नव्हती. सुजलेल्या बोटांनी मी ओल्या केसांवरून फणी फिरवली आणि छाती काढून तिला सांगितलं, मी पुढून पाहिला खेळ. आता मी पडद्यामागं बसणार नाही. कोणाच्याच. मारून टाकलं तरी नाही.

मायनं शेंडी थांबवली. माझ्या डोक्याकडं बघितलं.

"पुढून पाह्यला म्हन्तूस," ती म्हणाली, "अन् भांग अजून उलटाच काढला. येडं कुठलं."