शनी कुंभेत होता

गणितात बी.ए. झालेली प्रभाकरपंत टिपणिसांची मुलगी वकिली शिकायला निघाली, तेव्हा टेंभी नाक्याच्या आळीने तोंडात बोटं घातली. पुढे वकिलीची परीक्षा पास होऊनही ती कोर्टात जाईना, आणखी वरच्या परीक्षेसाठी प्रबंध लिहीत बसली आणि त्यासाठी लोकांच्या जन्मपत्रिका मागत घरोघर हिंडू लागली. तेव्हा मात्र लोक सरळ हसले. "उत्तरा, आधी स्वतःची पत्रिका कुणाला तरी दाखव," असं तिला पाच-सहा जणींनी तरी सुनावलं.

उत्तरा चोवीस वर्षांची होती. सन एकोणीसशे त्रेपन्न. कॉलेजात गणिताबरोबर खगोलशास्त्राचा एक पेपर होता, त्याने तिला वेड लावलं होतं. प्रबंधाचा विषय त्यातूनच निघाला: वयाचा पुरावा म्हणून कोर्टात पत्रिका येते, तिच्यावर विश्वास किती ठेवावा? जन्माची नोंद कुणी केलेली नसे, शाळेच्या दाखल्यावर बाप सांगेल ती तारीख. मग उरायची पत्रिका. आणि पत्रिका तपासता येते, हे उत्तराला ठाऊक होतं. गुरू वर्षाला साधारण एक रास पुढे सरकतो, शनी अडीच वर्षांनी. ही जोडी आज जिथे आहे तिथे पुन्हा यायला साठ वर्षं लागतात. पत्रिकेवर शक काहीही लिहिलेला असो, हे दोघं कुठल्या घरात बसलेत ते पाहिलं की जन्माचं साल सांगता येतं.

पत्रिका घेताना ती प्रत्येकाला एक शब्द देत असे. "यातलं काही नावानिशी बाहेर जाणार नाही." तिच्या प्राध्यापकांचाच तसा दंडक होता. प्रबंधात संशोधकाच्या नीतीवर अख्खं एक प्रकरण लिहायला त्यांनी तिला लावलं होतं.

समोरच्या घरातली हेमा चौबळ तिला या कामात मदत करी. हेमाचे वडील बाळासाहेब बांधकामाचे ठेकेदार, नगरपालिकेत वजन असलेले. हेमाची आई ती सहा वर्षांची असतानाच गेली. मुलगी शांत, अक्षर मोत्यासारखं. पत्रिकांच्या नकला उतरवता उतरवता तिने एकदा सहज विचारलं होतं, "उत्तराताई, मुलगी कायद्यानं सज्ञान कधी होते गं?"

"अठरा पुरी झाली की. आधी सोळा होतं, आता बदललंय."

"मग तिला कुणी अडवू शकत नाही?"

"कुणी नाही," उत्तरा म्हणाली होती, मान वर न करता.

दिवाळीनंतर तिला एक विचित्र गोष्ट सापडली. एकाच हातच्या पाच पत्रिकांमध्ये शक एक सांगत होता आणि ग्रह दुसरंच. पाचही मुलींच्या, पाचही मधुशास्त्री उपाध्यांनी लिहिलेल्या. चूक म्हणावी तर पाचही ठिकाणी फरक नेमका दोन वर्षांचा. ती शास्त्रीबुवांकडे गेली. सत्तरीचे गृहस्थ, चौकटीला टेकून दर्भ निवडत बसले होते. पत्रिका पाहिल्या आणि त्यांचा हात थांबला.

"चाळीस वर्षांत कुणी पाहिलं नाही," ते म्हणाले. "लोक शक बघतात, नाडी बघतात, मंगळ बघतात. शनी कुणी मोजत नाही."

"का लिहिलंत असं?"

"थोराड झालेली मुलगी खपत नाही बाई. बाप रडत येतो. दोन वर्षं कमी लिहा म्हणतो. लिहितो." मग आवाज उतरवून म्हणाले, "पण ग्रह हलवायला हात धजला नाही. जन्माच्या वेळी आकाशात जे होतं तेच मांडलं. तेवढं एक राखलं मी."

त्या पाचांतली एक पत्रिका हेमाची होती. शके अठराशे एकोणसाठ, पौष पौर्णिमा. म्हणजे येत्या पौषात हेमा सोळाची. पण गुरू वृश्चिकेत होता आणि शनी कुंभेत, म्हणजे शक सत्तावन्न. आई गेल्यावर मुलीला शाळेत घालायला दोन वर्षं उशीर झाला, तेव्हा बाळासाहेबांनी वय कमी लावलं आणि पत्रिकाही तशीच नवी करून घेतली. उत्तराला त्यात वावगं वाटलं नाही. असल्या थापा घरोघर होत्या. तिने वहीत टिपून ठेवलं आणि पुढच्या पत्रिकेकडे वळली.

फेब्रुवारी चौपन्नमध्ये हेमा घरातून निघून गेली.

कळव्याच्या कोळीवाड्यातला दामाजी वाळू वाहणाऱ्या पडावावर, खाडीतल्या मोठ्या होडीवर, काम करायचा. बाळासाहेबांच्या बांधकामावर वाळू तोच आणी. दोघांनी देवळात माळा घातल्या आणि कल्याणच्या रेतीबंदरावर दामाजीच्या मावशीकडे राहिली. चौथ्या दिवशी पोलीस आले. अज्ञान मुलीला पळवल्याचा गुन्हा दामाजीवर लागला. हेमा कोर्टात ओरडून सांगत होती, "मी अठराची आहे, मी माझ्या पायांनी गेले." बाळासाहेबांनी पत्रिका पुढे केली. मॅजिस्ट्रेटांनी कागद पाहिला आणि मुलगी बापाच्या ताब्यात दिली.

प्रभाकरपंतांनी ही बातमी जेवताना सांगितली. उत्तरा ताटावरून उठली आणि तिने ती वही काढली.

दुसऱ्या दिवशी तिने प्राध्यापकांना गाठलं. त्यांनी बराच वेळ चष्मा पुसला. "पत्रिका तुला बाळासाहेबांनी दिली. अभ्यासासाठी दिली, त्यांच्याच विरुद्ध वापरायला नाही. तू शब्द दिलास. उद्या तुला कोण कागद देईल? दुसऱ्या कुणा अभ्यासकाला तरी देईल का?"

"आणि तो माणूस तुरुंगात गेला तर?"

"म्हणूनच घाई करू नकोस," ते म्हणाले. "विचार कर."

उत्तराने अकरा दिवस विचार केला. सकाळी उठली की समोरची माडी दिसे. पहिल्या दिवशी खिडकी बंद होती. तिसऱ्या दिवशी सुतार आला आणि बाहेरून फळ्या ठोकून गेला. हातोड्याचा आवाज आळीत सगळ्यांनी ऐकला, कुणी बाहेर आलं नाही. पाचव्या दिवशी दोन्ही घरी भांडी घासणाऱ्या कलावतीने सांगितलं, "ताट वर जातं तसंच खाली येतं बाई." सातव्या दिवशी टांगा आला. हेमाला दोन्ही बाजूंनी धरून बसवलं. तिच्या आत्याकडे, कल्याणला नेत होते. टांगा वळताना तिने मान वर करून उत्तराच्या दाराकडे पाहिलं. हाक मारली नाही. नुसतं पाहिलं. उत्तरा दारात उभी होती आणि उभीच राहिली.

नवव्या दिवशी बाळासाहेब स्वतः आले. हातात पेढ्यांचा पुडा.

"प्रबंध कुठवर आला?" त्यांनी विचारलं. चहा घेतला. प्रभाकरपंतांच्या पेन्शनीची चौकशी केली. मग म्हणाले, "उत्तरा, हेमाच्या पत्रिकेची तू नक्कल केली होतीस ना? ती देऊन टाक. आता घरच्या कागदांची फार नाचक्की झाली."

"शोधायला हवी काका. खूप कागद आहेत."

"शोध की. मी काही उद्या मरत नाही." ते उठले, दाराशी थांबले. "मधुशास्त्री म्हणत होते, तू त्यांच्याकडे जाऊन आलीस. म्हातारा माणूस, घाबरून गेलाय. घाबरलेल्या माणसाचं काही खरं नसतं, नाही का?"

ते गेल्यावर प्रभाकरपंतांनी पुडा बाजूला सरकवला. "दे ती नक्कल," ते म्हणाले. "आपण दोघंच आहोत घरात. या माणसाशी वैर परवडणार नाही आपल्याला." पेढ्यांना कुणी हात लावला नाही.

अकराव्या दिवशी दामाजीची आई मनुबाई मागच्या दाराने आली. या आळीत तीस वर्षं मासळी घालणारी बाई, पण आज टोपली नव्हती. ती पायरीवरच बसली.

"बाय, तू चांदसूर्याचा हिशोब करतंस म्हणं," ती म्हणाली. "मग माजा एक हिशोब कर. हेमा गिराणातली पोर हाय. मी होती तवा. तिच्या आईला कला सुरू जाल्या न् चांद काला परला. सुईन घाबरली, बोलली आता नको. पोर काय थांबतंय? चांद पुरा लाल, तवाच ती रडली. ह्या डोल्यांनी बघलं मी."

"कोणत्या वर्षी, मनुबाई?"

"वरीस मला काय ठावं? पौषातली पुनव. थंडी लय."

उत्तरा उठून आत गेली. तिने ग्रहणांची कोष्टकं काढली. शके अठराशे एकोणसाठच्या पौष पौर्णिमेला ग्रहण नव्हतंच. सत्तावन्नच्या पौष पौर्णिमेला, आठ जानेवारी छत्तीसला, होतं. खग्रास चंद्रग्रहण, ठाण्यातून पूर्ण दिसणारं. गुरू वृश्चिकेत. शनी कुंभेत. म्हणजे हेमा अठरा वर्षं पुरी होण्याची वाट पाहून, महिना उलटल्यावर घराबाहेर पडली होती. कायदा तिने नीट विचारून घेतला होता, आणि उत्तर ज्या बाईकडून घेतलं तिने मानही वर केली नव्हती.

त्याच दुपारी उत्तरा बचावाच्या वकिलांकडे गेली. प्राध्यापकांना पत्र टाकलं की शब्द मोडते आहे. त्यांचं उत्तर आलं नाही.

खटला एप्रिलात उभा राहिला. उत्तरा साक्षीदाराच्या पिंजऱ्यात पाऊण तास होती. सरकारी वकिलांनी हसत विचारलं, "ज्या शास्त्र्याने साल खोटं लिहिलं असं तुम्ही म्हणता, त्याचेच ग्रह खरे कशावरून?"

"ते त्यांनाच विचारा," ती म्हणाली.

मधुशास्त्र्यांना बोलावलं. पांढरं उपरणं घेतलेला म्हातारा पिंजऱ्याचा कठडा धरून उभा राहिला. बाळासाहेब पहिल्या बाकावर बसले होते, गुडघ्यावर काठी आडवी ठेवून.

"शक बरोबर आहे," शास्त्री म्हणाले. "ग्रह मांडताना माझी चूक झाली."

"पाचही पत्रिकांत?" बचावाच्या वकिलांनी विचारलं.

"म्हातारपण आहे. नजर गेली."

उत्तराने त्यांच्याकडे पाहिलं. त्यांनी मान खाली घातली होती. आयुष्यात राखलेली एकच गोष्ट त्यांनी त्या कठड्यावर सोडून दिली, आणि ती सोडताना त्यांचा चेहरा कसा झाला होता हे तिला पुढे कितीतरी वर्षं आठवत राहिलं.

ग्रहण मात्र कुणाला नाकारता येईना. वेधशाळेचं प्रमाणपत्र आलं. मनुबाईने साक्ष दिली, उलटतपासणीत एक अक्षर बदललं नाही. बाळासाहेबांच्याच घरच्या जुन्या वहीत मुलीच्या ग्रहणशांतीचा उल्लेख निघाला. बारा मेला निकाल ठरला, आणि हेमाला त्या दिवशी कोर्टात हजर करा, असा हुकूम झाला.

दहा तारखेला सकाळी कल्याणहून तार आली. हेमा आत्याच्या परसातल्या विहिरीत पडली होती. पाणी शेंदताना पाय घसरला, असं पंचनाम्यात लिहिलं होतं. कलावती दिवसभर एकच विचारत राहिली, "त्या घरात पाणी भरायला दोन गडी होते. मग पोर रहाटावर गेलीच कशाला?"

बारा तारखेला दामाजी निर्दोष सुटला. बाहेर पायऱ्यांवर तो उत्तरासमोर उभा राहिला. तीन महिन्यांत तो निम्मा झाला होता.

"बाय, जजसाहेबानं काय लिवलंय? हेमा खरं बोलली, असं लिवलंय काय?"

उत्तराने वकिलांच्या हातातून निकालाची नक्कल घेतली आणि ते वाक्य शोधून त्याला मराठीत वाचून दाखवलं. मुलीने स्वतःचं वय खरं सांगितलं होतं, असं कोर्टाचं मत आहे. त्याने ते दुसऱ्यांदा वाचायला सांगितलं. मग मनुबाई त्याला हाताला धरून खाडीकडे घेऊन गेली.

प्रबंध उत्तराने पुरा केला नाही. नीतीच्या प्रकरणात अकरा दिवसांबद्दल काय लिहावं हे तिला सुचेना, आणि ते वगळून पुढे जाणं तिला जमेना. पावसाळ्यानंतर तिने सनद घेतली आणि ठाण्याच्या कोर्टात उभी राहू लागली. मधुशास्त्र्यांनी पत्रिका लिहिणं बंद केलं. बाळासाहेब पुढच्या निवडणुकीत नगरपालिकेवर निवडून आले. रस्त्यात भेटले की थांबत, "काय उत्तरा, पंत कसे आहेत?" असं विचारत. तीही उत्तर देई. एकाच आळीत राहायचं होतं.

हेमाच्या मृत्यूची फेरचौकशी व्हावी म्हणून तिने पंचावन्नमध्ये अर्ज केला. आठ महिन्यांनी उत्तर आलं, नव्याने चौकशीस कारण दिसत नाही. सत्तावन्नमध्ये दुसरा केला. त्याला तेच उत्तर, फक्त सही वेगळी. अठ्ठावन्नच्या मार्चमध्ये ती स्वतः कल्याणला जाऊन ते परस पाहून आली. आत्याने दार उघडलं नाही, पण कुंपणापलीकडून दिसत होतं. विहीर बुजवून टाकली होती, वर शेवग्याची फांदी लावली होती. परत आल्यावर उत्तराने तिसरा अर्ज लिहायला घेतला. या वेळी विहीर कधी आणि कुणाच्या सांगण्यावरून बुजवली, हा पहिलाच प्रश्न होता.