खा की गं, बदका

इंग्लंडातल्या आमच्या स्टोक शहरात कुणीही कुणालाही मायेनं 'बदका' म्हणतं. बाप्या असो, बाई असो, नाहीतर पोलीस. दुकानदार सामान हातात ठेवतानाही म्हणतो, "घे, बदका." बाहेरचे लोक हसतात. हसोत बापडे!

बेरिल टॅम्स याच बोलीत वाढली. वृद्धाश्रमात ती माझ्या आईचं सगळं करायची. आईचा उभा जन्म कपबश्या रंगवण्याच्या कारखान्यात गेलेला. आता तिला माझं नावसुद्धा आठवत नव्हतं, पण बेरिलनं "आ कर गं बदका" म्हटलं की ती लगेच तोंड उघडायची.

मग दक्षिणेकडून नवे व्यवस्थापक आले, पेल्हमसाहेब. आल्या आल्या त्यांनी फर्मान काढलं, की वृद्धांना मानानं हाक मारायची, हे गावंढळ बोलणं बंद. बेरिलच्या तोंडून एकदा जुनी हाक गेलीच, तशी ताकीद मिळाली: पुन्हा ऐकू आलं तर घरी बसा. तिचा नवरा अंथरुणाला खिळलेला, घर तिच्याच पगारावर चालायचं. बिचारीनं ती हाक सोडली.

"मिसेस कोल्क्लफ, आपण थोडं जेवून घेता का?" असं ती चाचरत विचारायची. आई इकडेतिकडे बघायची, ही कोण मिसेस आली म्हणून. हळूहळू तिनं जेवणच सोडलं. डॉक्टर नळी घालायचं बोलू लागले. मी साहेबांशी कडाकडा भांडले.

"हा त्यांच्या सन्मानाचा प्रश्न आहे, बाईसाहेब," ते म्हणाले.

सन्मान! चुलीत घाला तो सन्मान!

त्याच दुपारी साहेब स्वतः बघायला आले. बेरिलनं ओटच्या गरम धिरड्यात चीज गुंडाळून आणलं होतं. आईनं तोंड फिरवलं. बेरिलनं साहेबांकडे एकदा पाहिलं, ॲप्रन काढून खुर्चीवर फेकला आणि आईजवळ बसली.

"गेली खड्ड्यात नोकरी. खा की गं, बदका. निवायच्या आत खा."

आईनं आ केला. एक घास, मग दुसरा. मग धिरडं स्वतःच्याच हातात घेतलं.

साहेबांनी खुर्चीवरचा ॲप्रन उचलला, बेरिलच्या मांडीवर ठेवला आणि ते निघून गेले.

मी बेरिलचे हात धरून रडायला लागले.

"रडतेस काय वेडे? पाणी आण आधी, ठसका लागेल तिला!" ती खेकसली.

आईनं त्या वर्षीचा नाताळ पाहिला, पुडिंग पुन्हा मागून खाल्लं. ते दिवस मला बेरिलनं दिले. देव तिचं भलं करो.