दहावं बाळ

पोरांच्या नावापेक्षा त्यांचे महिने पाठ असणारी बाई अख्ख्या अंबरनाथमध्ये एकच होती, ती म्हणजे आमच्या शेजारच्या वहिनी. त्यांच्या स्वतःच्या घरात पाळणा नव्हता, पण बारशाला आल्या की दुसऱ्याच्या पाळण्यात डोकावून पहिला प्रश्न, "नऊ महिने कधी भरतात गं हिचे?" घुगऱ्या नंतर.

कारण होतं दवाखान्याचं. गोवराची लस बाळाला नऊ महिने भरल्यावर, पण तिची बाटली दहा बाळांची, एकदा उघडली की त्याच दिवशी संपवायची. म्हणून दहा जमल्याशिवाय सिस्टर ती उघडत नसत, आणि लस फक्त बुधवारी. त्यामुळे वहिनींचा मंगळवार पोरं गोळा करण्यात जाई. एखादीची सासू "सुईनं ताप येतो" म्हणून अडून बसली, तर या म्हणत, "येऊ दे की. उतरेपर्यंत मी बसते तुमच्या दारात." आणि खरंच बसत, वर दोनदा चहा मागत. एकीला चुलीपुढून हलता येईना, तर तिचं वरण बघायला यांनी आपल्या नवऱ्याला धाडलं. त्या बिचाऱ्याने ते करपवलं, ही गोष्ट वेगळी. एवढी धीट बाई, पण सुई दिसली की डोळे मिटून भिंतीकडे तोंड.

माझी मुलगी नऊ महिन्यांची झाली तेव्हा आमच्या गल्लीत गोवर शिरला होता. दोन बुधवार आम्ही हात हलवत परतलो. सासूबाईंनी बजावलं, "आता हे शेवटचं. पोरीची परवड पुरे." तिसऱ्या बुधवारी मोजलं, तर नऊ. सिस्टर डबा आवरायला लागल्या, तशा वहिनी बाजाराकडे धावल्या आणि पापड विकायला आलेल्या उल्हासनगरच्या एका सिंधी बाईला टोपलीसकट, बाळासकट घेऊन आल्या. मला वाटलं, आता भांडण होणार. पण त्या बाईने पिशवीतून चुरगळलेलं कार्ड काढलं. "हमको भी उधर से तीन बार वापस भेजा, बहन. बोलते हैं, बच्चे कम हैं."

"इधर तुम्हारा ही कम था," वहिनी म्हणाल्या.

बाटली उघडली. दहा बाळांनी एकामागून एक भोकाड पसरलं आणि वहिनी भिंतीकडे तोंड करून ते ऐकत राहिल्या.

परतताना मी विचारलं, "वहिनी, कशाला एवढी धावपळ करता हो?"

त्यांनी पदराने माझ्या मुलीचं नाक पुसलं. "माझ्या बाळाच्या वेळी नऊच जमली होती गं. पुढचा बुधवार काही त्याला मिळाला नाही."

वहिनी पुढे सोनिवलीला राहायला गेल्या. अजून कुठे बाळं दिसली की मी मनातल्या मनात मोजते, आणि नऊवर थांबलं की जीव कासावीस होतो.