कमलबाईंची चांदी

नमस्कार केला की उत्तरादाखल "आ कर" म्हणणारी एकच बाई मी पाहिली. पेणच्या आमच्या दातांच्या डॉक्टर, कमलबाई. मिठागरावरच्या घरातली लेक, शिकून आली तरी बोली तीच. दर मंगळवारी त्या रोह्याच्या दवाखान्यात जात. मी कंपनीच्या शिफ्टला त्याच गाडीने. कासू स्टेशन येईपर्यंत डब्यातले चार-पाच जबडे खिडकीच्या उजेडात बघून व्हायचे.

चांदीची भुकटी आणि पारा छोट्या खलात घोटून त्या दाढ भरत, वर बजावत, "ही चांदी तुझ्याबरोबर चितेवर जायची." माझ्या दोन दाढांत ती होती.

एकदा मात्र गाडीत जबडे सोडून त्या एक पत्र वाचत बसल्या. त्यांची एक वर्गमैत्रीण परदेशात असे, तिचं. तिथल्या नव्या एक्स-रे यंत्रात म्हणे दातातला कुठला धातू कुठवर पोचलाय ते दिसतं. तिला जुने भरलेले दात हवे होते.

"अख्ख्या पेणच्या तोंडात माझा पारा हाय," बाई म्हणाल्या, "आणि खाली तो काय करतो ते मी कधी बघितलंच नाय."

दात पुरवायचा मान मला मिळाला. मेहुण्यांसमोर रुबाब करायला सोड्याची बाटली दाढेने उघडायला गेलो. झाकण जागेवर राहिलं, अर्धी दाढ चांदीसकट हातात आली. सुजलेला गाल घेऊन गेलो, तर बाईंनी आधी तुकडा मागितला. तो आईने दुधाच्या दातासारखा कौलांवर फेकला होता. मी चाळिशीचा!

बाई तडक घरी आल्या. आई शांतपणे म्हणाली, "नवा येल गो, लहानपणी नाय आला?" बाईंनी पदर खोचून शिडी धरली. मी वर चढून बरीच कौलं फोडली, मग तुकडा खालच्या पन्हळीत सापडला.

तो मैत्रिणीकडे गेला आणि काही महिन्यांनी त्याचं चित्र आलं. चांदीच्या खाली, दाताच्या आत, रांगोळी सांडावी तसा पारा. मला वाटलं, बाई ते कपाटात टाकतील. त्यांनी चौकट करून पेशंटच्या बाकासमोर टांगलं. विचारेल त्याला सांगत, हा माझा पारा, आत उतरलाय, बाधतो का ते अजून ठाऊक नाय, तुझं तू ठरव. बाक ओस पडू लागला. लोक पनवेलच्या डॉक्टरकडे जातायत, ते चित्र उतरवा, असं मीच सुचवलं.

"आ कर म्हटलं की लोक डोळे मिटतात रे," त्या म्हणाल्या. "मिटल्या डोळ्यांशी लबाडी नाय जमत मला."

त्या बाकावर परत येऊन बसलेली पहिली बाई म्हणजे माझी आई. मग हळूहळू बाकीचे आले.

बाई जाऊन बरीच वर्षं झाली. परवा नव्या डॉक्टरने उरलेल्या दाढेतली चांदी काढून पांढरं भरू का, असं विचारलं. नको म्हटलं. ती माझ्याबरोबर जायची आहे.