पाटावरचं कुलूप

प्रेमलाताई सपकाळ म्हणजे आमच्या तुर्भ्याच्या प्रेसमधली मराठी टायपिंगवाली. "आमच्या" म्हणालो ना, तिथंच खरी भानगड आहे. ती कुणाचीच नव्हती. सकाळी आमच्याकडं, दुपारी नेरुळला अब्दुर्रहमानभाईच्या दुकानात, आणि आठवड्यातनं एकदा कळंबोलीला ट्रान्सपोर्टवाल्याच्या ऑफिसात. कॉम्प्युटर ज्याचा त्याचा, पण मराठी अक्षरं हिची. हातातल्या पाटल्या मोडून घेतलेली.

अक्षरं विकत घ्यावी लागतात हे ऑफसेट मशीन चालवणाऱ्या माझ्यासारख्याला कुठलं ठाऊक! तिनंच एकदा समजावलं. "हिरामणदादा, सॉफ्टवेअर कितीपण कॉम्प्युटरवर टाका, कंपनीची ना नाय. पण चालणार तिथंच, जिथं हे कुलूप लावलेलं असेल." कुलूप कसलं, काडेपेटीएवढी डबी. कॉम्प्युटरच्या मागं, प्रिंटरची वायर लावतात तिथं खोचायची. ते नसलं की पडद्यावर 'कुलूप सापडत नाही' एवढंच यायचं, मग बसा बोंबलत. हरवलं तर कंपनी दुसरं देणार नाही, सगळं नव्यानं विकत घ्या. म्हणून ताई ते एका जुन्या पितळी डबीत घालून पर्समध्ये ठेवायची. जेवणाचा डबा विसरायची, पण ती डबी कधी नाही.

आमचे मालक रणजीतशेठ. त्यांना तिची ही फिरती फार खुपायची. स्वतः कधी कुलूप घेतलं नाही, हिचं आयतं येत होतं ना! वर म्हणायचे, "बाई एक, कुलूप एक, मग दुकानं तीन कशाला? इथंच बसा, पगार लावतो." ताई हसून सोडून द्यायची.

शहाण्णव सालच्या खंडेनवमीच्या आदल्या संध्याकाळची गोष्ट. दसऱ्याच्या कामांमुळं ताई नेरुळहून पुन्हा आमच्याकडं आली होती. ती घरी निघाली तेव्हा प्रिंटर पानं काढत होता. कॉम्प्युटर बंद केल्याशिवाय कुलूप उपसायचं नसतं, जळतं म्हणे. शेठ म्हणाले, "राहू द्या हो ताई, पानं निघू द्या. कुलूप सकाळी न्या." असल्या गोड बोलण्यात ती कधी यायची नाही. त्या दिवशी आली.

सकाळी ती आली तेव्हा आमची पूजा आटोपलेली. शटरला झेंडूचा हार, पाटावर लाल कापड, त्यावर माझे पाने, पक्कड, शाईचे चाकू, कटिंगचं पातं. आणि मधोमध, सगळ्या हत्यारांच्या पुढं, तिचं कुलूप! वर ओलं हळदकुंकू, अक्षता, फूल. पाणी शिंपडलेलं ते वेगळंच.

ताईच्या तोंडचं पाणीच पळालं. "शेठ, हे काय केलंत? आत पाणी गेलं तर?"

"अहो, देवाचं पाणी. काही होत नाही."

"द्या ते. नेरुळला शाळेचे पेपर अर्धे राहिलेत. दसरा झाला की लगेच परीक्षा हाय."

"असं कसं देणार? पूजेतलं हत्यार उद्यापर्यंत उचलायचं नसतं, हे तुम्ही साताऱ्याची माणसं मला सांगणार की मी तुम्हाला?"

आता हे खरंच होतं, तिथंच तर मेख होती. माझा स्वतःचा पाना पाटावर होता आणि मी मेलो तरी त्या दिवशी त्याला हात लावला नसता. ताईपण लावेना. पाटापुढं हात आवळून उभी राहिली.

"हत्यार माझं हाय. पूजा मी घरी करणार होते."

"या प्रेसमध्ये जे पुजलं जातं, ते प्रेसचं."

असं म्हणाले! मला वाटलं शाईचा डबाच उचलून डोक्यात ओतावा. पण नोकरी होती, गप्प बसलो.

ताई मात्र बसली नाही. "माझा नवरा मार्केटात पोती उचलतो. खांद्यावर लोखंडी आकडा टाकून या गाळ्यावरनं त्या गाळ्यावर जातो. आजपर्यंत कुठल्या व्यापाऱ्यानं त्याचा आकडा ठेवून घेतला नाय. ज्याच्या पोत्याला लावला त्याचा होत नसतो तो."

शेठ 'ताई'वरनं एकदम 'तू'वर आले. "तो अब्दुर्रहमान तुझ्या जिवावर धंदा करतोय आणि मी बघत बसू? उद्यापासून कुलूप इथंच राहणार. तुला यायचं तर ये, नाहीतर दुसरी बाई बसवतो त्याच्यावर."

म्हणजे हा एका दिवसाचा प्रश्नच नव्हता. कुलूप गेलं की ताई कुठंच कामाची नाही, हे त्या माणसाला पक्कं ठाऊक होतं. ताईचा चेहरा पांढराफटक पडला. ती तिथंच स्टुलावर बसली. "मग उद्यापर्यंत मीपण इथंच हाय," म्हणाली. बसली म्हणजे बसलीच. आम्ही प्रसाद खाल्ला, तिनं पाणीसुद्धा घेतलं नाही. नेरुळहून अब्दुर्रहमानभाईचा फोन आला, शेठनी "ती नाही इथं" म्हणून ठेवून दिला. तिच्यासमोर! ताईची नजर पाटावर.

दुपारी पुन्हा फोन वाजला. आता शेठच उभे राहिले. "हो साहेब... नाही साहेब... चुकून झालं साहेब." कुठल्याशा पुढाऱ्याच्या दसऱ्याच्या पत्रकात त्याच्या थोरल्या बंधूंचं नावच गळलेलं. माणूस निघालाय, पत्रक आत्ताच्या आत्ता नीट करून पाहिजे.

फोन ठेवला, घाम पुसला, आणि तरातरा पाटाशी जाऊन शेठनी फूल बाजूला सारून कुलूप उचललं. स्वतःच्या हातानं!

"हं, लावा ताई. पाच मिनिटांचं काम. देवाला चालतं एवढं."

ताईनं कुलूप ओंजळीत घेतलं. पदरानं कुंकू टिपलं, पर्समधली पितळी डबी काढली, कुलूप आत घातलं, झाकण दाबलं आणि उठली.

"अगं, कुठं?"

"पूजा तुमीच मोडलीत शेठ. मी नाय."

"हिरामण! शटर ओढ!"

इतका वेळ दाबून धरलेलं माझं टाळकं तिथं सटकलं. म्हटलं, "शटरला हार घातलाय शेठ. पुजलेलं उद्यापर्यंत कसं हलवू?"

ताई तोवर रस्त्यावर. मी माझी एम-एटी काढली आणि तिला मागं बसवून थेट नेरुळ गाठलं. वाटेत ती एकदाच बोलली, "दादा, तुमची नोकरी?" म्हटलं, "मशीन चालवणारे रस्त्यावर पडलेत का? बघू." 

दुकानात अब्दुर्रहमानभाई येरझाऱ्या घालत होता. ताईनं कुलूप लावलं, कॉम्प्युटर चालू केला. पडद्यावर ओळ आली. कुलूप सापडत नाही.

"या अल्ला," भाई खुर्चीतच बसला. ताईनं सगळं बंद केलं, कुलूप काढलं. पिनांमध्ये कुंकवाचा लाल चिखल झालेला. भाईनं प्रिंटर पुसायचं स्पिरिट आणि एक नवा टूथब्रश आणून दिला. ताई एकेक पीन घासायला लागली.  पंख्यासमोर धरून सुकवलं, पुन्हा लावलं. पुन्हा तीच ओळ. मी दुसरीकडं बघायला लागलो. ताईनं दुसऱ्यांदा घासलं, अगदी कडेपर्यंत. लावलं.

'सहामाही परीक्षा. इयत्ता चौथी. परिसर अभ्यास.'

अक्षरं बघून मी मोठ्यानं ओरडलो. भाई टाळ्या वाजवत होता. ताई मात्र हसलीही नाही, लगेच टाइप करायला बसली. दिवेलागणीपर्यंत पेपर पुरे केले, मगच मान वर केली.

मी तिला कोपरखैरण्याला घरी सोडलं. चहा घेऊनच जा म्हणाली, म्हणून वर गेलो. घरी बाबासो, तिचा नवरा, अजून सकाळी पूजेसाठी नेसलेल्या धोतरावरच होता. भिंतीशी पाट मांडलेला, पण पूजा केलेली नव्हती. पाटावर एका बाजूला त्याचा पोती उचलायचा आकडा, घासूनपुसून ठेवलेला. शेजारी तेवढीच जागा मोकळी.

"किती वेळ लावलास?" बाबासो म्हणाला. "सकाळपासनं थांबलोय. आण तुझं कुलूप."

ताईनं डबी उघडून कुलूप आकड्याशेजारी ठेवलं. दिवसभर डोळ्यातनं टिपूस काढलं नव्हतं, ती तिथं पाटासमोर बसून ढसाढसा रडली.

बाबासो बावचळला. कुलूप हातात घेऊन उलटसुलट बघितलं. कडेच्या स्क्रूत थोडं लाल राहिलं होतं. "याची तर पूजा झालेली दिसतीया?"

"ती त्यांची झाली," पदरानं डोळे पुसत ताई म्हणाली. "आपली राहिलीय."