दोन नळांमधलं अंतर

आमच्या घरातली पहिली ग्रॅज्युएट मी. डिझाइन शिकले, ठाण्यात नोकरीला लागले, तरी मोहन्याच्या आमच्या चाळीत मी 'बॅनरवाली'च. जयंतीचा बॅनर माझ्याकडे असतो. त्यात मंडळातल्या एकाचा जरी फोटो राहिला, तरी वर्षभर अबोला.

मग चाळीत कावीळ आली. सार्वजनिक नळ दोन, शेजारी शेजारी. एक पिण्याचा, एक बोअरचा, फक्त धुण्याभांड्याचा. कुठला कोणता, ते जुन्यांना ठाऊक होतं. नवे भाडेकरू मात्र मोकळा दिसेल त्या नळाखाली हंडा लावायचे. समोरच्या खोलीत नवीन आलेल्यांची मुलगी आजारी पडली, तेव्हा मला घरात बसवेना. एकाला सांगावं, तर महिन्याभरात दुसरं कुणी राहायला यायचं.

मी नळांवर लावायला फ्लेक्स केला. फिकट निळा, भरपूर मोकळी जागा, खाली कुठल्या नळाचं पाणी प्यायचं त्याच्या बारीक दोन ओळी. कॉलेजात याला शाबासकी मिळाली असती.

शेजारच्या काकू म्हणाल्या, "वाढदिवस कोणाचा गं? फोटो टाकायचा राहिला वाटतं."

"काकू, पाण्याचं आहे ते. वाचा ना."

"बिनफोटोचं कोण वाचतंय?"

मी चिडले. घरी येऊन आईला सांगितलं, तर ती भांडी घासता घासता म्हणाली, "मला तरी कुठं वाचता येतं?"

माझ्याच आईला वाचता येत नाही, आणि मी अक्षरांच्या जाडीवर दोन दिवस घालवले होते. ते फार लागलं.

रविवारी ऑइलपेंट आणला. बोअरच्या नळाच्या वर भिंतीवर कपडे धुणारी बाई काढली, दुसऱ्याच्या वर पाणी पिणारं पोर. आई कमरेवर हात ठेवून उभी.

"हे पोर पितंय की ओकतंय?"

पुसलं. पुन्हा काढलं.

"आता शिट्टी वाजवतंय."

चौथ्यांदा ती गप्प राहिली. म्हणजे पास.

सोमवारी पाणी यायच्या वेळेला मी ऑफिसची बॅग खांद्याला लावून नळाजवळ थांबले. कालच राहायला आलेली एक बाई तान्हं पोर कडेवर घेऊन आली. बोअरच्या नळाखाली हंडा ठेवला, वर बघितलं, आणि हंडा पायानेच पलीकडच्या रांगेत सरकवला.

चित्र बघून सरकवला, की तिकडे रांग बघून? तिला विचारण्याऐवजी ऑफिसला फोन केला, उशीर होईल म्हणून. पुढची नवी बाई येईपर्यंत तिथेच उभी राहिले.