उभा शब्द: सुरण

आमचे हे गोंडपिपरीच्या शाळेत वनस्पतिशास्त्र शिकवत. त्या काळी साप्ताहिकांतल्या शब्दकोड्यांचं वेड गावोगाव पोचलं होतं. पोरं पेशीजालाच्या व्याख्या पाठ करायला कंटाळतात, म्हणून यांनी वर्गासाठी स्वतःच कोडं रचायला घेतलं. ‘मुळातलं पाणी पानापर्यंत नेणारं’, ‘सालीखालून अन्न वाहणारं’, असली सूत्रं. मला सुटलं म्हणजे पोरांना सुटणारच, असा यांचा हिशेब. मला त्याचा राग यायचा, पण कोडं सोडवायला आवडायचंही.

एके दुपारी हे एका उभ्या शब्दाशी अडले. उत्तर होतं सुरण. ‘पेशीपेशीत सुयांसारखे स्फटिक असलेला कंद’, असं लिहून म्हणाले, "पुस्तकात आहे खरं, पण सुया टोचतात का ते बघायला हवं." मी विळीवर रानातला सुरणच चिरत होते. "अहो, कच्चा आहे!" म्हणेपर्यंत फोड तोंडात. अति शहाणा त्याचा बैल रिकामा, म्हणून मी हसलेसुद्धा.

हसू तिथंच विरलं. यांचे ओठ सुजले, लाळ गळायला लागली, जीभ तोंडात मावेना. हे बोलायला गेले तर नुसती घरघर. मोठा दवाखाना चांद्याला आणि बस सकाळीच गेलेली. घसा मिटला तर?

यांचे डोळे मिटायला लागले, तशी मी नाव घेऊन ओरडले. उखाण्याखेरीज ते नाव माझ्या तोंडून कधी निघालं नव्हतं. नवऱ्याचं नाव घेतलं की त्याचं आयुष्य कमी होतं, असं आईनं लहानपणापासून मनावर बिंबवलेलं.

ओरडणं ऐकून शेजारच्या शिंप्याची म्हातारी आई धावत आली.

"रडून काऊन राह्यली, बाई? चिंच कुठी आहे? आन लवकर!"

मी चिंच कोळली. ती यांना सांगत होती, "मास्तर, गिळू नोका. तोंडात फिरवा अन् थुका."

दिवस कलता कलता सूज उतरली. "टोचतात," हे घोगऱ्या आवाजात म्हणाले. म्हातारी खळखळून हसली. मला हसू येईना. मी देव्हाऱ्यापुढे जाऊन बसले. एका हाकेला किती वर्षं जातात, ते आईनं कधी सांगितलंच नव्हतं. जेवढी गेली असतील तेवढी माझ्यातली काढून घे, एवढंच मी देवाला पुन्हापुन्हा म्हणत राहिले.